हितं माती न्हाय

दिवाळीची साफसफाई काढली होती. माळ्यावरच्या पेटीत बॉक्सिंगचे जुने ग्लोव्हज सापडले. टाकायच्या सामानात घालणार, तेवढ्यात आंबलेल्या चामड्याचा वास आला आणि मी मंगळवार पेठेतल्या त्या हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो.

वय सव्वीस. गुडघ्यामुळं कुस्ती सुटलेली आणि बॉक्सिंगचा पहिलाच दिवस. समोर एकोणीस वर्षांचा सुहास. घंटा झाली तसा तालमीच्या सवयीनं मी वाकून जमिनीला हात लावला. वर येतोय तोच त्याचा ठोसा नाकावर बसला.

"काका, तालमीत जावा की. हितं माती न्हाय," तो म्हणाला. सगळा हॉल हसला.

पावसाळाभर मी एकच ठोसा घोटला, खालून वर येणारा. मग पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिलो आणि घंटा होताच मुद्दाम वाकलो. सुहास हसतच पुढं आला. वर येता येता मी त्याच्या बरगडीखाली ठोसा हाणला. तो हॉलच्या लाकडी फळ्यांवर आडवा झाला.

"व्हय, माती न्हाय," मी म्हणालो. "म्हणून तर पडल्यावर लागतंय."

एवढ्या वर्षांनी तरी सुहासवरचा राग सोडावा, असं बायको म्हणते. मी ग्लोव्हज पुसले, उन्हात वाळवले आणि परत पेटीत ठेवले.