निळी की हिरवी?

"हे पुसा," सर म्हणायचे आणि नकाशावर अंगठा टेकवायचे. अंगठा उचलला की कळायचं, काय चुकलंय ते. एकदा ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने कारण विचारलं. सर म्हणाले, "सांगतो. पण ते कळायला तुम्हाला दहा वर्षं लागतील. तोवर पुसून ठेवा."

सर आर्किटेक्ट होते. कसबा पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात मी नकाशे काढायला होते. खाली तांब्याची भांडी ठोकत, वर सर आम्हाला. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांचा राग येतो, पण त्यांच्याकडची नोकरी सोडवत नाही.

बाजार खुला झाल्यावर सरांचे जुने स्नेही, एक बिल्डर, बंडगार्डन रस्त्यावरचा प्लॉट घेऊन आले. उंच ऑफिस इमारत हवी होती. साठीच्या सरांनी आयुष्यभर बंगले आणि शाळा बांधलेल्या. एवढं मोठं काम पहिलंच. सर झपाटल्यासारखे बसले. तळाशी काळा दगड, भिंतीत खोल बसवलेल्या उघडणाऱ्या खिडक्या, प्रत्येक मजल्याला सज्जा. पश्चिमेला वाऱ्यावर उघडा, ऐसपैस जिना. "लिफ्टमध्ये माणसं छताकडे बघतात," सर म्हणायचे. "जिन्यात एकमेकांकडे बघतात."

मीटिंगला बिल्डरचा मुलगा आला. नुकताच अमेरिकेहून परतलेला. "सर, आता आयटी कंपन्या येणार. त्यांना फुल ग्लास लागतं."

"काचेत माणसं बसवणार आहात की पापड वाळवणार?" सर म्हणाले आणि वडिलांकडे वळले. "चिरंजीवांना अमेरिकेला पाठवलंत, छान केलंत. परत कशाला आणलंत?"

वडील इतके हसले की बशीत चहा सांडला. आम्हीही हसलो. मुलगाही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

इमारतीचा पाया भरून झाला आणि वडील गेले. कारभार मुलाकडे आला. आता सरांना काढणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याने काढलं नाही. तो सरांच्या पाया पडला आणि त्यांना 'काका' म्हणू लागला.

मग तो सरांना बोलावून घ्यायचा, बाहेरच्या सोफ्यावर बसवून ठेवायचा, आणि दुपारी रिसेप्शनची मुलगी येऊन सांगायची, "आज नाही जमणार म्हणालेत." एक दिवस म्हणाला, "काका, सज्ज्यांमध्ये जागा फुकट जाते हो. तुम्हीच काढून द्या. तुमच्या नकाशाला परक्याने हात लावलेला मला खपणार नाही." सज्जे मी पुसले. सर शेजारी उभे होते.

"सर, सोडा ना हे काम," मी म्हणाले.

"मी सोडलं तर जिना जाईल," ते म्हणाले.

खिडक्याही गेल्या. मग काच निवडायची मीटिंग झाली. टेबलावर तुकडे मांडलेले, भोवती सगळे इंजिनियर. मुलाने अदबीने विचारलं, "काका, निळी की हिरवी? तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

सरांनी दोन्ही तुकडे उजेडात धरून पाहिले. मग हळूच म्हणाले, "हिरवी."

मुलगा इंजिनियरकडे वळला. "निळी मागवा."

उद्घाटनाच्या आधीच भाड्याने आलेल्या कंपनीने सुरक्षेसाठी जिन्याला लोखंडी दार लावून कुलूप घातलं होतं. समारंभात सरांना शाल दिली, नारळ दिला. मुलगा माइकवरून म्हणाला, "पुण्याला ही काच काकांनी दिली. आम्ही कचरत होतो. पण काका हट्टाला पेटले, काचच हवी!"

टाळ्या पडल्या. माइक सरांकडे आला. आम्ही ऑफिसातले सगळे तिसऱ्या रांगेत सरसावून बसलो. आता सर सोलून काढणार!

"आभारी आहे," एवढं बोलून सर खाली बसले.

बाहेर पडल्यावर मी रागाने विचारलं, "बोलला का नाहीत?"

"पुढच्या रांगेत ही बसली होती," सर म्हणाले. ही म्हणजे त्यांची बायको. "टाळ्या वाजवताना रडत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम बघायला आली होती."

त्यानंतर गावात ते 'काचवाले सर' झाले. जो येई त्याला काचच हवी असे. सर एकेकाला परत पाठवत राहिले, आणि शेवटी ऑफिस बंद झालं. कसब्यातली जागा सोडून सर आणि काकू धायरीला फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे सरांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली.

ते गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले. बैठकीच्या खोलीत त्या इमारतीचा भिंतभर फोटो होता. निळी काच, त्यात ढग. समोर सरांची खुर्ची.

"मी मुद्दाम मोठा करून आणला," काकू म्हणाल्या. "त्यांना हलता येत नव्हतं ना. सकाळी आंघोळ घातली की खुर्ची फोटोकडे वळवून ठेवायची. दिवसभर बघत असायचे. कधी कधी डोळ्यांतून पाणी यायचं." त्यांनी पदराने फोटोवरची धूळ टिपली. "फार जीव होता ना गं त्यांचा या इमारतीवर?"

"हो," मी म्हणाले. "फार."