फळीच्या दोन पट्ट्या

वेल्डिंगचा जळका वास आला की मला वडिलांनी कापलेला पुठ्ठा आठवतो. आमची जमीन विकून झाली होती आणि छोटा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी आपटा गावचा एक शेतकरी अवजारांसकट नेणार होता. शेत सपाट करायची फळी मागे जोडणाऱ्या पट्ट्या गंजून तुटल्या होत्या, बाजारात तशा मिळत नव्हत्या. वडिलांनी माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून नमुने केले, त्यांवर पेन्सिलीने ‘डावी’, ‘उजवी’ लिहिलं आणि वेल्डरपुढे ठेवले. “जमीन तर गेली, आता कशाला?” त्याने विचारलं. वडील म्हणाले, “त्याला लागंल ना. लंगडं अवजार देयाचं नाय.” फळी बसल्यावर त्यांनी विकलेल्या शेतात एकच फेरी मारून पाहिली. जमिनीच्या त्या पट्ट्यात आता आमच्या इमारतीचं पार्किंग आहे. माझी गाडी तिथेच उभी असते.