एक जूनवाल्यांची रांग

वीसेक वर्षं झाली असतील. भांडगावात तलाठ्याच्या दारात पेन्शनच्या फॉर्मसाठी रांग लागली होती, ज्याच्या त्याच्या हातात शाळेचा दाखला. मी दुसरीपर्यंत गेलेली, माझ्याकडेही होता... पण जीव काही रांगेत नव्हता.

कारण माझी सून, ज्योती. बारावी झालेली, दौंडच्या कॉलेजात गणित शिकायचं म्हणत होती. फॉर्मची शेवटची तारीख उद्या आणि माझा होकार बाकी. ही गेली तर म्हशी कोण बघणार... या घोरात सकाळी दोन भाकरी करपवल्या मी.

रांगेतही तिच्या हातात लायब्ररीचं गणिताचं पुस्तक. म्हणाली, "आत्याबाई, यात लिहिलंय, तेवीस माणसं घेतली तर कुणातरी दोघांचा जन्मदिवस एकच निघायची शक्यता निम्म्याहून जास्त हाय."

"वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आन् माणसं तेवीस? पिऊन लिहिलंय व्हय त्यानं?" मी म्हटलं. "निघाली जोडी तर भर फॉर्म. न्हाई तर पुस्तक परत कर आन् म्हशी धू."

तिने पुढच्या आप्पांना विचारलं. एक जून. त्यांच्या पुढच्या मामांना विचारलं. एक जून! माझा दाखला बघितला... तोही एक जून. आमच्या वेळी जन्मतारीख कुणाला ठाऊक? मास्तर सगळ्यांना एक जून लावून मोकळे.

रांग खो खो हसली. मी म्हटलं, "जिंकलीस बाई." तर ही म्हणते, "हे धरायचं न्हाई. ह्या तारखा मास्तरांच्या, तुमच्या न्हाईत."

आणि निघाली अंगणवाडीत. तिथल्या वहीत दवाखान्यात जन्मलेल्या पोरांच्या खऱ्या तारखा होत्या. मी आपली तलाठ्याच्या ओट्यावर उठते, बसते, रस्त्याकडे बघते... माझा नंबर आला तोही गेला.

आली ती तोंड पाडूनच. "पहिली तेवीस पोरं घेतली. एकबी जोडी न्हाई. निम्म्याहून जास्त म्हंजी दर वेळी न्हाई, आत्याबाई... हरले मी."

खोटंच ‘निघाली जोडी’ म्हणाली असती, तर मी काय वही तपासायला जाणार होते? मला ती धड वाचता तरी आली असती का...

दुसऱ्या दिवशी म्हशी मी धुतल्या आणि तिला दौंडच्या गाडीत बसवून आले.

आता ती तिथेच शाळेत गणित शिकवते. दर एक जूनला न चुकता वाढदिवसाचा फोन करते. मी म्हणते, मास्तरांना कर... पण सकाळपासून फोनजवळच बसलेली असते.