आमच्या गच्चीवरून वैराट दिसतं का?

आधीच सांगून टाकते: चिखलदऱ्याचा रस्ता, राहणं, खाणं, अंगावर काय घ्यावं हे सगळं या पोस्टमध्ये आहे. पण वैराट शिखराबद्दल विचाराल तर जाताना होते त्याहून जास्त गोंधळून मी परत आले आहे.

आमचं गाव अंजनगाव आणि अकोट यांच्या मधे. उत्तरेला गाविलगडचे डोंगर भिंतीसारखे उभे, आणि त्या भिंतीत एक टोकदार शिखर. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही. शाळेच्या फाटकाशी पोचले की मला उलटी व्हायची. म्हणून मोठीआई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, मला घरीच शिकवायची. गणित स्वयंपाकघरात, भूगोल गच्चीवर. "थो टोकाचा दिसते न, थो वैराट. मेळघाटातला सगळ्यात उंच." पुढे गल्लीतली पोरंही तिच्याकडे येऊ लागली. ती आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि अख्खं गाव त्या शिखराला वैराट म्हणतं.

यंदा गावच्या शाळेच्या लांब भिंतीवर 'आपला परिसर' असं चित्र काढायचं ठरलं. डोंगर, शहानूर नदी, पानमळे. नावं सांगायला मुख्याध्यापक बाईंनी मोठीआईला बोलावलं, आणि सव्वीस जानेवारीला नारळही तिनेच फोडायचा असं ठरलं. शिखराखाली लिहायच्या दोन ओळी माझ्याकडे आल्या, कारण मी अमरावतीला नोकरी करते आणि ब्लॉग लिहिते.

दोन ओळींसाठी मी नकाशा उघडला. तिथेच घोळ झाला. नकाशातलं वैराट आमच्या शिखरापासून बरंच उजवीकडे निघालं, आणि डोंगराच्या कडेपासून बरंच आत. मी फोन आडवा धरला, उभा धरला, गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पाहिलं. शेवटी मोठीआईला एवढंच म्हणाले, "चिखलदऱ्याला जाऊ या का? तू वैराट कधी जवळून पाहिलंच नाहीस." का, ते सांगितलं नाही. तिने लगेच मोठेबाबांचा, म्हणजे काकांचा, स्वेटर बाहेर काढला.

शनिवारी सकाळी एसटीने परतवाडा. तिथे गिला वडा जरूर खा, पण घाटाच्या आधी एकच. मी दोन खाल्ले. धामणगाव गढीकडून घाट चढतो. रस्ता चांगला आहे, वळणं मात्र खरोखरची. मी बाबांच्या शेतातला थर्मामीटर सोबत घेतला होता, कारण मोठीआईनेच शिकवलं होतं की दर १६५ मीटर चढलं की तापमान एक अंश उतरतं. घाटात दर थांब्याला मी तो खिडकीबाहेर धरत होते.

"ताप आला का वो डोंगराले?" मागच्या सीटवरच्या आजीबाईंनी विचारलं.

"तिले काई ना काई मोजाले लागते," मोठीआई म्हणाली. "चहाची भुकटीबी मोजून टाकते."

चिखलदऱ्यात साधी खोली बसथांब्याजवळ मिळून जाते. शनिवार-रविवार भाव चढतो, गरम पाण्याचं आधी विचारा. दुपारी भाकर-ठेचा घरचाच. संध्याकाळी रबडी, इथे दूध दाट असतं आणि बनवणारे त्याला घाई करत नाहीत. कॉफीची झाडं पाहिली. दुकानदाराने सांगितलं की भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून हा कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा. आणि विराट राजाचं ते वैराट. मोठीआईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पावसाळ्यात येऊन पाह्य भाऊ, नाव कुठून आलं थे चिखलच सांगंन तुले." मी दोन्ही मतं वहीत लिहिली. खरं कोणतं, मला ठरवता आलं नाही.

रविवारी पहाटे वैराटकडे. हा भाग व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे नाक्यावर परवानगी, जिप्सी आणि वाटाड्या घ्यावाच लागतो. दर फलकावर लिहिलेले असतात. फेरी चालू आहे की नाही ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. आमचे वाटाडे बाबूलालभाऊ कोरकू होते. कानटोपी भुवयांपर्यंत, आवाज अगदी हळू.

वाटेत एका खोलगट जागी गवत दवाने पांढरं पडलं होतं. थर्मामीटर सहावर. वर चढलो तर अकरा. मी तो झटकला, हातात धरला, पुन्हा पाहिलं. अकराच.

"भाऊ, वर गेलं की थंडी वाढायला पाहिजे ना?"

"दिवसा वाढते," बाबूलालभाऊ म्हणाले. "पहाटची थंडी पान्यासारखी असते ताई. खाली वाहते, खोलगट जागी साचते."

मोठीआई माझ्याकडे पाहत होती. मला उगाच वाटलं की ती ओशाळली. मी घाईने म्हणाले, "पुस्तकातला नियमही बरोबर आहे." कुणी काही विचारलं नव्हतं.

वैराटचा माथा म्हणजे टोक नाहीच. पिवळं गवत, वारा, रुंद मोकळी जागा. उंची किती? वहीत एक, फोनवर दुसरी. इथलं गाव काही वर्षांपूर्वी पुनर्वसनात खाली गेलं, असं बाबूलालभाऊंनी सांगितलं. उत्तरेचं पाणी सिपना नदीत जातं, दक्षिणेचं पूर्णेत, आणि शेवटी दोन्ही तापीलाच मिळतात. मग मधे एवढा डोंगर कशाला, असा मूर्ख प्रश्न मला तिथे पडला.

आम्ही दक्षिणेच्या बाजूला आलो. खाली धुरकट पट्टा, त्यात कुठेतरी आमचं गाव. फक्त शहानूर धरणाचं पाणी चमकत होतं. मोठीआईने कपाळावर हात आडवा धरून खाली पाहिलं.

"भाऊ, आपला डोंगर कोनता?"

"कोनता आपला?"

"थो... अंजनगावाकडून टोकदार दिसते थो."

त्यांनी धरणाच्या बाजूला, आमच्यापेक्षा बराच खाली असलेल्या डोंगराच्या एका सोंडेकडे बोट दाखवलं. "हे असंन. खालून टोक दिसते, कारन तुमी नाकासमोरून पायता. लांबट हाय थो."

खरंच लांबट होता. पाठीमागून पाहिला तर बैल बसल्यासारखा. जिप्सीवाला म्हणाला, नाही, त्याच्या पलीकडचा. दोघांची थोडी हुज्जत झाली. कोणता ते मला अजूनही छातीठोक सांगता येणार नाही. पण आम्ही उभ्या होतो तो नव्हता, एवढं नक्की.

"त्याचं नाव काय?" मोठीआईने विचारलं.

"तिकडे आमचं जाणं नाई. आमाले नाई माईत."

ती गवतात बसली. एक काडी उपटली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुले माईत होतं न?"

"थोडं थोडं," मी म्हणाले. "नक्की नव्हतं."

"म्हनून आनलं मले."

मला रडू यायला लागलं. मी म्हणाले की माझं चुकलं, मी आधी सांगायला हवं होतं. तिने हात झटकला.

"ऐक. माहं माहेर पातूरचं. तिथं डोंगर दक्षिनेले. लग्न होऊन इकडे आली त डोंगर उत्तरेले! दोन वर्स मले दिशाच उलट्या वाटत. तू पाच वर्साची होती, म्हनली, याचं नाव काय? मले माईत नव्हतं. पन तुही मास्तरीन होती न मी. माईत नाई म्हनाले लाज वाटली. एसटीत एका बाईच्या तोंडून वैराट ऐकलं होतं. देल्लं चिकटवून."

"मग?"

"मग तू सांज-सकाळ त्याले वैराट वैराट करे. दोन महिन्यांत मलेबी खरं वाटाले लागलं."

परतीच्या घाटात मी मार्ग काढला. भिंतीवर 'वैराटच्या रांगेतलं एक शिखर' लिहायचं. खोटं नाही, कुणाला काही कळणार नाही, नारळ तिनेच फोडायचा. मोठीआई हसली. "लबाडी नको करू बाई. तुले पचत नाई. शाळेच्या फाटकाशीच ओकशीन."

सोमवारी मी रजा घेतली आणि आम्ही शाळेत गेलो. शिखराखाली 'वैराट' रंगवून झालं होतं, लाल अक्षरांत.

"पुसा लागते," मोठीआई पेंटरला म्हणाली.

"काहून वो काकू? मस्त आलं हाय!"

"चुकलं हाय. मीच चुकीचं शिकवलं. तुलेबी."

पेंटरही तिच्याकडेच बाराखडी शिकलेला. त्याने ब्रश खाली ठेवला. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, अख्खं गाव त्याला वैराटच म्हणतं, राहू द्या ना. मोठीआईने ऐकलं नाही. तिने सांगितलेलं वाक्य आता भिंतीवर आहे: 'वैराट या डोंगरांच्या मागे आहे. ते इथून दिसत नाही.'

मला या सहलीतून काय मिळालं, ते नीट मांडता येत नाही. एक नाव गेलं, त्या जागी दुसरं आलं नाही. शनिवारी घरी गेले की गच्चीवर उभी राहते आणि तोंडातून वैराटच निघतं. माझा पहिला धडा चुकीचा होता, तरी त्याच धड्याने मला डोंगराकडे पाहायला लावलं. या दोन गोष्टी एकत्र कुठे ठेवायच्या ते मला कळत नाही. तुम्ही जाल तेव्हा जाड स्वेटर न्या आणि स्वच्छ हवेचा दिवस निवडा. ती सोंड कोणती ते कुणाला खात्रीने कळलं तर मला लिहा.

सव्वीस जानेवारीला नारळ मोठीआईनेच फोडला. पोरं भिंतीसमोर रांगेत. पहिलीतल्या एका मुलीने टोकदार शिखरावर बोट ठेवलं.

"आजी, मग याचं नाव काय?"

मोठीआईने पदर सावरला. सगळं गाव ऐकत होतं.

"मले माईत नाई," ती म्हणाली.