चोवीस हातांची सावली

कौसा गेल्याचं पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. कावीळ झाली, आठ दिवसांत आटोपलं, एवढंच. वय जेमतेम तेहतीस. महिना होत आला, पण अजून पहाटे जाग आली की रडू फुटतं... आणि खरं सांगते, त्यातलं अर्धं रडू माझ्या भित्रेपणाचं आहे.

आसगावला आम्ही दोघी नववीपर्यंत एका बाकावर. तिचे बाबा तलावात मासे धरायचे. गणितात ती माझ्या चार पावलं पुढे. तिच्या घरामागे वाळलेली सावर उभी होती; पावसाआधी पाडायची होती. पलीकडे शेजाऱ्यांचा गोठा, म्हणून झाड घराच्या बाजूलाच पाडणार होते, घर तसं लांब होतं, पण मधे झाडापासून अठ्ठावीस हातांवर त्यांचा एकुलता एक डोंगा, मासे धरायची लाकडी होडी, पालथा घातलेला. तो हलवायला चार गडी लागत. कौसा म्हणाली, "थांबा बाबा, मी झाडावर न चढता मोजतो."

तिने चार हातांची काठी अंगणात रोवली. सावलीही चार हात भरली. म्हणजे त्या घटकेला झाडाची सावली झाडाएवढीच. तेवढ्यात आईने तिला बाजारात मासे न्यायला हाक मारली. टोपली डोक्यावर घेता घेता ती मला म्हणाली, "धावत जा वो, आत्ताच मोज. सूर्य थांबत नाही."

मी निघाले. वाटेत टेंभुर्णीखाली पिकली टेंभरं पडली होती... खात बसले. पाऊण तासाने मोजली तर सावली चोवीस हात. ऊन चढलं की सावली आखडते, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी कौसाने परतल्यावर "लगेच मोजली ना वो?" विचारलं, तेव्हा मी "हो" म्हणाले.

"डोंगा हलवाचा का पोरी?" बाबांनी विचारलं.

"कायले, बाबा? चार हात लांब राह्यते."

सावर बत्तीस हात निघाली. डोंग्याच्या चिरफळ्या झाल्या. बाबा रागावले नाहीत, नुसते मटकन खाली बसले. नव्या डोंग्यासाठी सगळं घर मजुरीला लागलं, कौसाही. तिची शाळा सुटली ती सुटलीच. "माह्यंच गणित चुकलं," असं ती भेटेल त्याला सांगायची. मी शेजारी उभी असायचे आणि गप्प राहायचे. पुढे ती लग्न होऊन एकोडीला गेली. मी गणिताची बाई झाले.

परवा एकोडीला गेले. तिची आठवीतली सुमन मला पाणी द्यायला आली, आणि माझ्याने राहवेना. त्या लेकरापाशी सगळं ओकले... तुझ्या आईचं गणित बरोबर होतं, चूक माझी होती.

"आईले माहीत होतं, मावशी," ती हळूच म्हणाली. "सावर पाडल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं काठी पुन्हा रोवली होती. बत्तीसच्या झाडाले चोवीसची सावली, तं चारच्या काठीले तीन हाताची. तेवढी होयेपर्यंत ते उन्हात बसून राह्यली. तवा तिले समजलं तू केव्हा मोजली ते."

"मग बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"मी बी इचारलं. आई म्हणे, सांगतलं असतं तं डोंग्याचे पैसे भराले तिच्या बापानं तिलेही घरी बसवलं असतं. एक तं शिकू दे."

उद्या नववीला समरूप त्रिकोणांचा धडा आहे. फळ्यावर पहिली रेघ मला ओढता येईल की नाही, कोण जाणे...