माझा फोन मीच उचलते
मला साखरेचा आजार निघाल्यापासून शहापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई दर आठवड्याला मुलाच्या मोबाइलवर माझी चौकशी करायच्या. मी समोर बसलेली असताना तो "आई बरी हाय, गोळ्या घेते," असं परस्पर सांगून मोकळा व्हायचा. एकदा मी त्याच्या हातातून फोन ओढलाच.
"बाई, मी बरी नाय. गोळीनं गरगरतं, म्हणून मी ती सोडलीय."
मुलगा चिडला. "आई, तुला काय कळतं गो त्यातलं?"
"माझ्या अंगातलं मला नाय कळणार, तर कुणाला?"
दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून गोळी बदलली. परतताना मी माझ्यासाठी बटणांचा फोन घेतला. आता नर्सबाई थेट माझ्याशी बोलतात, आणि मुलाला गप्प बसून ऐकावं लागतं.