पाद्री फॉसेटनी काढलेला नकाशा

ह्यूबर्ट फॉसेट आमच्या गावाचे, स्कारबेकचे पाद्री म्हणून आले ते एकोणीसशे एकवीस साली. बायको बाळंतपणात गेलेली, बाळही गेलेलं. बरोबर दोन ट्रंका आणि न हटणारा खोकला. प्रवचन द्यायचे ते इतकं रटाळ, की पहिल्या बाकावरची माणसं उघड घोरायची. पण हेच गृहस्थ रविवारी दुपारी पोरांना गोष्ट सांगायला बसले, की आयांना आपापली पोरं ओढून घरी न्यावी लागत.

त्याच गोष्टींची पुढे पुस्तकं झाली. चार भावंडं, एक लंगडं कुत्रं आणि आमची खाडी. ओहोटीला मैलोनमैल उघडी पडणारी ही वाळू इंग्लंडभरची पोरं अंथरुणात पडल्या पडल्या तुडवायला लागली. फॉसेटना पोत्याने पत्रं यायची. प्रत्येक पत्राला ते उत्तर लिहायचे, आणि तेवढा वेळ त्यांचा खोकलाही थांबायचा म्हणे.

चौथ्या पुस्तकाला प्रकाशकाने नकाशा मागितला. फॉसेटनी तो स्वतः काढला, रंगवला आणि हौसेने टोबायस नीडमला दाखवायला नेला. टोबायस कोळंबी धरणारा. पलीकडच्या काठाला जाणाऱ्यांना वाळूवरून नेण्याचं कामही बापापासून त्याच्याच घरात. भरतीगणिक वाळू सरकायची, म्हणून दर पंधरवड्याला तो ती पायांनी चाचपायचा आणि घट्ट जागा कळावी म्हणून झाडाच्या फांद्या रोवत जायचा.

नकाशा बघून त्याने तोंडातला पाइप काढला.

“हे काय पाद्रीसाहेब? माझ्या फांद्या काढल्यात होय?”

“मग! एकेक मोजून काढलीय. चर्चच्या फाटकापासून थेट पलीकडे.”

“अहो, त्या ह्या पंधरवड्याच्या. पुढच्या महिन्यात तिथे घोडा गाडीसकट गडप होईल. वाट काढू नका. काढायचीच तर खाडी तरी दुसरी काढा.”

“टोबायस, गोष्टीचं पुस्तक आहे रे ते. पोरं घरात बसून वाचणार.”

“पोरं घरात बसतात?” टोबायस हसला. “तुम्हाला पोर नाही ना, म्हणून असं वाटतं.”

झालं! फॉसेटनी नकाशाची गुंडाळी केली आणि तरातरा निघून गेले. त्या एका वाक्याच्या रागापायी नकाशा जसाच्या तसा छापायला गेला. शहाणासुरता माणूस, पण हट्टाला पेटला की पेटला.

चौतीसच्या ऑगस्टमध्ये ब्रॅडफर्डच्या गिरण्यांना सुट्टी लागली, तेव्हा हॉलरॉइड नावाचा ट्रामचा कंडक्टर बायको आणि दहा वर्षांच्या विनीला घेऊन आमच्याकडे समुद्रावर आला. दुपारी तो कापडी खुर्चीत तोंडावर टोपी घेऊन झोपला. जागा झाला तेव्हा विनी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोबायसला सापडली. मग तो फॉसेटांच्या घरी आला आणि टेबलावर एक भिजलेलं पुस्तक ठेवलं. नकाशाचं पान दुमडलेलं होतं.

“तिच्या कोटात होतं. पोलिसाला दिलं नाही,” तो म्हणाला. “द्यायचं का नाही, तुम्ही बघा.”

चौकशी खानावळीच्या माडीवर झाली. भटकलेलं पोर वाकडंतिकडं जातं, भरतीआधी शोधणाऱ्यांना दिसलेली या पोरीची पावलं मात्र सुतासारखी सरळ कशी, असं अधिकाऱ्याने दोनदा विचारलं. फॉसेट तिसऱ्या खुर्चीत बसले होते. उठायला हवं होतं. उठले नाहीत. अपघाती मृत्यू असं लिहून माणसं चहाला गेली.

तासाभराने हॉलरॉइड फॉसेटांच्या दारात उभा. टोपी हातात चुरगळलेली.

“साहेब, आमची विनी तुमच्या पुस्तकांपायी वेडी होती हो. तिला तुमच्याच हातची माती मिळू दे. आणि एक पुस्तक द्याल? तिचं कुठे वाहून गेलं कोण जाणे. पेटीत तिच्याजवळ ठेवायला हवं होतं.”

फॉसेटनी तेच भिजलेलं पुस्तक काढून त्याच्यापुढे उघडलं.

“वाट मी काढली. चुकीची आहे असं मला बजावलं होतं. तरी मी छापली.”

हॉलरॉइडने पानावर बोट ठेवलं आणि फाटकापासून हळूहळू पुढे नेलं. मध्येच थांबला.

“ती विचारायची, बाबा, हे खरं असतं का?” तो म्हणाला. “मी म्हणायचो, पाद्र्याने लिहिलंय, खोटं कसं असेल.”

पोरीला ते ब्रॅडफर्डला घेऊन गेले. माती दुसऱ्याच पाद्र्याने दिली.

फॉसेटनी प्रकाशकाला नकाशा काढून टाका म्हणून सात पत्रं लिहिली. उत्तर गोड आलं: मुलांना नकाशाच हवा असतो, आणि हक्क आमचे आहेत. त्यानंतर फॉसेटनी एक ओळ लिहिली नाही. चर्च सोडलं, पांढरी कॉलर उतरवली आणि कोळ्यासारखा जाडा स्वेटर घालून दर उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळेला काठी घेऊन वाळूच्या तोंडाशी उभे राहायला लागले. पोर दिसलं की हाकलायचे. अशी सतरा वर्षं. गावची पोरं त्यांना खेकडा म्हणायची, आणि खोटं कशाला सांगू, आम्हीही म्हणायचो.

शेवटच्या उन्हाळ्यात एक चष्मेवाली पोर पुस्तक घेऊन आली.

“इथून पुढे जायचं नाही,” फॉसेट म्हणाले.

“पण वाट आहे ना! ही बघा.”

“ती वाट खोटी आहे.”

“खोटी कशी? पाद्री फॉसेटनी काढलीय.”

“फॉसेट खोटारडा आहे.”

“तुम्हीच खोटारडे!” असं ओरडून ती रडत आईकडे पळाली. आई तशीच तणतणत आली.

“लाज नाही वाटत एवढ्याशा पोरीला रडवायला? तो देवमाणूस पोरांवर जीव टाकतो. तुम्हाला काय कळणार त्याची माया!”

फॉसेटनी टोपी काढली.

“चुकलं, बाई,” म्हणाले, आणि भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत तिथून हलले नाहीत.